लंडनची वाट, परक्यांचे आभाळ

१३ जून २०२५ च्या पहाटे मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान तीनेक तास उडून पुन्हा मुंबईतच उतरले. लंडनहून मुंबईला येणारे त्याच कंपनीचे विमान व्हिएन्नाला उतरवावे लागले आणि न्यूयॉर्कहून मुंबईकडे येणारे जेद्दाला. आदल्याच दिवशी अहमदाबादहून लंडनला झेपावलेल्या विमानाला भीषण अपघात झाला होता. त्या धक्क्यात या परतीच्या बातमीकडे बघायला कुणाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. पण ही विमाने परत फिरण्याचे कारण अगदी निराळे होते. इस्राएलने इराणवर हल्ले सुरू केले आणि इराणने आपले आकाश बंद केले. यंत्रात बिघाड नाही, टाकीत इंधन भरपूर, वैमानिक तयार. फक्त पुढे वाट उरली नव्हती.

मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांमधले अंतर किती, या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर सोपे आहे. सुमारे ७,२०० किलोमीटर. हे अंतर विमान ज्या वाटेने जाते तिचे नसते, पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंना जोडणाऱ्या सर्वांत आखूड रेषेचे असते. शाळेतल्या पृथ्वीगोलावर हीथ्रो आणि सांताक्रूझ यांच्यामध्ये दोरा घट्ट ताणून पाहावा. भिंतीवरच्या सपाट नकाशात जी वाट भूमध्य समुद्रावरून जाईल असे वाटते, ती दोऱ्यावर बरीच वर सरकते. जर्मनी, झेक प्रजासत्ताक, पश्चिम युक्रेन, ओडेसाचा परिसर, काळा समुद्र, क्रिमिया. तिथून जॉर्जिया आणि अझरबैजान, कॅस्पियनचा दक्षिण काठ, इराणची वाळवंटे, बलुचिस्तान. मग जवळजवळ थेट कराचीच्या डोक्यावरून समुद्रात आणि सौराष्ट्राला स्पर्श करून मुंबई.

ही यादी वाचताना वर्तमानपत्राचे आंतरराष्ट्रीय पान उघडल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही. गेल्या बारा-तेरा वर्षांत जिथे जिथे तोफा धडाडल्या, त्यातली कितीतरी ठिकाणे या एका रेषेवर ओळीने मांडलेली आहेत. त्यामुळे मुंबई-लंडन हे अंतर भूगोलात ७,२०० किलोमीटर असले तरी प्रत्यक्षात कुठलेही भारतीय विमान तेवढ्यात भागवू शकत नाही. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना साधारण तासभर कमी, हा आजचा हिशेब. येता-जातानाचा फरक वाऱ्याचा आहे. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे झोतवारे येताना पाठीशी असतात आणि जाताना तोंडावर. पण तो वारा सगळ्यांना सारखा. बाकीचा फरक माणसांनी केलेला आहे, आणि या वाटेचा जवळपास दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर तो नेहमीच तसा होता. मधल्या काही दशकांत आपण ते विसरलो, एवढेच.

आरंभ समुद्रापासून करावा लागेल. आफ्रिकेला वळसा घालून येणारी शिडाची जहाजे विलायतेहून मुंबईला पोचायला चार-चार, कधी सहा महिने घेत. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवरची बोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा तिच्यात कोळशाची सोय जेमतेम साडेपाच दिवसांची होती. एडनपर्यंतचा पल्ला त्याहून मोठा. म्हणून जिथे जागा सापडेल तिथे, अगदी प्रवाशांच्या खोल्यांतही, कोळसा भरला गेला. सुएझला पोचायला तिला महिनाभर लागला. त्यातला बराचसा वेळ वाटेत कोळसा घेण्यात गेला. लांब पल्ल्याच्या प्रवासाचे सगळे गणित त्या खोल्यांतल्या कोळशात आहे. जितके दूर जायचे तितके इंधन न्यायचे, आणि ते इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन जाळायचे. आजचे ड्रीमलायनर विमानही याच गणिताने बांधलेले आहे.

१८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि पुढच्याच वर्षी मुंबई-एडन-सुएझ अशी समुद्राखालून तार टाकली गेली. निरोप मिनिटांत जाऊ लागला, माणूस मात्र आठवडे मोजतच राहिला. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर ऑगस्टच्या मध्याला मुंबईहून बोटीने निघाले. गांधीजी २९ ऑगस्टला ‘राजपुताना’ बोटीवर चढले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोचले. दोन आठवडे हा त्या काळचा शांततेतला दर होता. युद्धातला दर पाहायचा तर लोकमान्यांचा प्रवास आठवावा. १९१८ मध्ये होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन टिळक निघाले, तर कोलंबोलाच पासपोर्ट रद्द झाल्याचे कळले आणि सगळ्यांना माघारी यावे लागले. चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी त्याच वर्षी पुन्हा परवानगी मिळून सप्टेंबरमध्ये ते निघाले, ते लंडनला पोचले ऑक्टोबर संपता संपता. बोट तीच, समुद्र तोच. दोन आठवड्यांच्या प्रवासाला महिन्याहून अधिक काळ लागतो आणि एक अख्खी खेप कोलंबोतच संपते, याला भूगोल जबाबदार नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर विमाने आली तेव्हा पुष्कळांना वाटले, की आता किनारे, खिंडी, कालवे यांची कटकट संपली. आकाश काही कुणाच्या बापाचे नाही. ही समजूत जन्मतःच खोटी ठरली. १९१९ च्या पॅरिस करारात पहिल्याच कलमाने लिहून ठेवले, की प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता असेल. १९४४ च्या शिकागो करारानेही तेच कलम पहिले ठेवले. खुल्या समुद्रावर कुणाचीही बोट जाऊ शकते. परक्या भूमीवरच्या आकाशातून जायला मात्र घरमालकाला विचारावे लागते.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंतची पहिली नियमित हवाई सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, भाडे १३० पौंड. हा ‘हवाई’ प्रवास कसा होता ते नीट पाहण्यासारखे आहे. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान. तिथे प्रवासी आणि टपालाच्या थैल्या उतरवून रात्रीच्या आगगाडीत चढवायच्या आणि आल्प्स ओलांडून इटलीतल्या जिनोआ बंदरापर्यंत रुळांवरून जायचे. जिनोआहून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने नेपल्स, ग्रीस, क्रीट करत इजिप्त गाठायचे. मग तीन इंजिनांच्या हर्क्युलिस विमानाने गाझा, बगदाद, बसरा, आणि तिथून इराणच्या किनाऱ्याने बुशायर, लिंगे, जास्क, ग्वादर असे उतरत उतरत कराची. मधली आगगाडी कशासाठी? आल्प्सवरून उडणे तेव्हा अवघड होते हे खरे. पण त्याहून अवघड होती इटलीची परवानगी. फ्रान्सच्या दिशेने हवेतून आपल्या देशात शिरायला इटलीने मनाई केली होती. म्हणून जगातल्या सर्वांत लांब हवाई मार्गांपैकी एका मार्गाचा तुकडा लोखंडी रुळांवर होता.

इराणची तऱ्हा पुढे तशीच झाली. किनाऱ्यावरून जाऊ देण्याची मुदत संपली, तेहरानने ती वाढवून द्यायला खळखळ केली, आणि १९३२ मध्ये सगळा मार्ग आखाताच्या दक्षिण तीरावर सरकवावा लागला. शारजाच्या शेखांशी करार झाला आणि वाळूत एक धावपट्टी आखून शेजारी किल्लेवजा विश्रामगृह बांधले गेले. व्यवहार रुपयांतला, कारण त्या किनाऱ्यावर तेव्हा आपलाच रुपया चाले. आज ज्या आखाती विमानतळांवर मध्यरात्रीही जत्रा भरलेली असते, त्यांच्या भरभराटीचे पहिले बीज असे एका नकारात आहे. इराणने वाट दिली असती तर निदान तेव्हा तरी शारजाकडे कुणी पाहिले नसते.

या मार्गात मुंबई नव्हतीच. इम्पीरियलची विमाने कराचीहून दिल्लीकडे वळली आणि मुंबईचे हवाई टपाल कराचीत पडून आगगाडीची वाट पाहू लागले. ही फट हेरली नेव्हिल व्हिन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांनी. १५ ऑक्टोबर १९३२ च्या सकाळी जेआरडी कराचीहून एका इंजिनाचे पस मॉथ घेऊन निघाले. अहमदाबादला उतरले तेव्हा पेट्रोल आले ते बैलगाडीतून, डब्यांत भरून. दुपारी ते जुहूच्या मैदानात उतरले. पुढे पावसाळ्यात त्या मैदानाचा चिखल झाला की सेवेचा मुक्काम पुण्याला हलायचा. या सगळ्या हकिकती आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात, आणि त्या सांगाव्यात अशाच आहेत. पण कौतुकात एक गोष्ट निसटते. पृथ्वीगोलावरच्या त्या ताणलेल्या दोऱ्यावर कराची बरोबर वाटेत येते. लंडनपासून सात हिस्से वाट तिथे संपते आणि मुंबईपर्यंत एक हिस्सा उरतो. टाटांनी जोडलेला तुकडा हा त्या रेषेचाच शेवटचा आठवा भाग होता.

पंधरा वर्षांत तो आठवा भाग दुसऱ्या देशातून सुरू होऊ लागला. ८ जून १९४८ च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून उडाले आणि कैरो, जिनिव्हा असे थांबत १० जूनला लंडनला उतरले. चार पंख्यांच्या या विमानाने मुंबईहून एका दमात कैरो गाठणे ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. कराचीत थांबायची गरजच उरली नाही. सात दिवसांची वाट दीड दिवसावर आली.

जिनिव्हाच्या थांब्याने मात्र दोनदा फार मोठी किंमत वसूल केली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनिव्हाकडे उतरण्याच्या तयारीत असताना माँ ब्लाँवर आदळले आणि ४८ जण गेले. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच जागी आदळले. शिखर मागे पडले अशा समजुतीत वैमानिकाने उंची कमी करायला सुरुवात केली होती. ११७ जणांत होमी भाभा होते. त्या उतारावरची बोसाँ हिमनदी वर्षाला थोडी थोडी खाली सरकते आणि आपल्या पोटातले काही ना काही खालच्या टोकाला आणून टाकते. २०१२ मध्ये तिथे एक टपालाची थैली सापडली. भारताच्या परराष्ट्र खात्याची. आत १९६६ च्या जानेवारीतली वर्तमानपत्रे, भिजलेली पण वाचता येण्याजोगी. एका दमात लंडन गाठण्याइतके इंधन तेव्हाच्या विमानात मावले असते, तर ही दोन्ही विमाने आल्प्सच्या कुशीत उतरायला गेलीच नसती. वाटेतले थांबे गळत गेले याचा हिशेब आपण नेहमी वाचलेल्या तासांत मांडतो. उतरणे आणि उडणे हेच विमानप्रवासातले सर्वांत धोक्याचे क्षण असतात, हा दुसरा हिशेब सहसा मांडला जात नाही.

१९६० च्या वसंतात बोइंग ७०७ लंडनच्या मार्गावर आले आणि एअर इंडियाच्या वेगाचा प्रश्न जवळपास सुटला. ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपासचा तो वेग आजही तसाच आहे. हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. पासष्ट वर्षांत संगणक खोलीतून खिशात आला, टेलिफोनची तार गेली. मुंबईहून लंडनला उडणाऱ्या विमानाचा वेग मात्र आजोबांच्या काळात होता तेवढाच राहिला. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधन पाण्यासारखे वाहू लागते. १९७३ नंतर ते इंधन पाण्याच्या भावाने मिळेनासे झाले. एअर इंडियाने साठच्या दशकात दोन कॉन्कॉर्ड विमानांसाठी पर्याय नोंदवून ठेवले होते, पण ती विमाने कधीच आली नाहीत. जमिनीवरून जाताना ध्वनीच्या पलीकडचा वेग घ्यायला देशोदेशी मनाई झाली आणि मुंबई-लंडन वाट तर जवळपास सगळी जमिनीवरून. त्यानंतर अभियंत्यांनी जे केले ते वेगासाठी नव्हे; कमी इंधनात, अधिक माणसे, न थांबता. त्यात ते कमालीचे यशस्वी झाले. मधले थांबे गेले, प्रवास नऊ-दहा तासांवर आला आणि तिथेच स्थिरावला.

म्हणून १९६० नंतर या वाटेवरचा एखादा तास वाढला किंवा घटला, तर त्याचे कारण कारखान्यात शोधू नये. ते परराष्ट्र मंत्रालयांच्या दालनांत सापडते. आणि त्यातल्या एका दालनाची दारे आपल्याच देशात आहेत.

३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला जाणारे ‘गंगा’ हे फोकर विमान पळवून लाहोरला नेले गेले. प्रवासी सुटले, विमान मात्र २ फेब्रुवारीला धावपट्टीवरच जाळले गेले. ४ फेब्रुवारीला भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी घातली. कराचीहून ढाक्याला जाणारी विमाने आता हिंदुस्थानच्या टोकाला वळसा घालून, कोलंबोला इंधन भरून जाऊ लागली. एका देशाच्या दोन भागांतले अंतर रातोरात दुपटीहून वाढले. महिन्या-दोन महिन्यांत पूर्व बंगालमध्ये जे घडले आणि वर्षअखेर जे युद्ध झाले, त्यात या द्राविडी प्राणायामाने पाकिस्तानी लष्कराची किती दमछाक केली हे लष्करी इतिहासकार सांगतात. नाक दाबले होते, ते बरोबर जागी दाबले होते.

पाकिस्तान आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे तक्रार घेऊन गेला. भारताचे म्हणणे असे, की १९६५ च्या युद्धापासून दोन्ही देशांतले १९४४ चे करार स्थगितच आहेत, तेव्हा संघटनेला यात बोलण्याचा अधिकार नाही. हा मुद्दा घेऊन आपण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. १८ ऑगस्ट १९७२ रोजी न्यायालयाने बहुमताने भारताच्या विरोधात निकाल दिला: संघटनेला अधिकार आहे. मूळ तक्रारीवर मात्र निकाल लागलाच नाही. १९७६ मध्ये दोन्ही देशांनी संबंध पूर्ववत केले, राजदूत नेमले, आकाश उघडले आणि तक्रार मागे घेतली गेली.

हा निकाल आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि तो ठाऊक असायला हवा. कारण १९७१ च्या बंदीचे यश पाहून तेच औषध पुढे पुन्हा पुन्हा वापरले गेले, रोग बदलला तरी. संसदेवरच्या हल्ल्यानंतर २००२ च्या जानेवारीपासून २००४ च्या जानेवारीपर्यंत दोन्ही बाजूंनी आकाश बंद राहिले. बालाकोटनंतर २०१९ च्या फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने बंद ठेवले. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाचे ४९१ कोटींचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमानांना बंदी घातली, ३० एप्रिलला आपण त्यांच्या विमानांना. बंदी वर्षभर राहिली तर सुमारे ६० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज एअर इंडियाने सरकारला कळवल्याच्या बातम्या आल्या. पाकिस्ताननेही पहिल्या दोन महिन्यांत आपल्या विमानतळ प्राधिकरणाचे चार अब्जांहून अधिक पाकिस्तानी रुपये बुडाल्याची कबुली दिली, कारण आकाशातून जाणारे प्रत्येक विमान भाडे भरत असते. १९७१ मध्ये पाकिस्तानचे दोन तुकडे आपल्या दोन बाजूंना होते, म्हणून ती बंदी युद्धनीती होती. आता कुणाचाही दुसरा तुकडा पलीकडे नाही. आता हे दुसऱ्याला अपशकुन करण्यासाठी आपले नाक कापणे आहे, आणि दोन्ही देश ते हौसेने करत आहेत.

मुंबईचे त्यातल्या त्यात बरे. समोर अरबी समुद्र आहे. ओमानच्या दिशेने निघून, अरबस्तानावरून किंवा आखाताच्या काठाने युरोप गाठता येतो. तीन-चतुर्थांश शतकापूर्वीची कैरोची वाट पुन्हा जवळ आली एवढेच. दिल्लीची पंचाईत मोठी. लंडन वायव्येला असताना तिथले विमान आधी नैर्ऋत्येला गुजरातकडे येते, समुद्रावर निघते आणि मग वळते. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात इंधनासाठी उतरावे लागू लागले. २०२५ च्या सप्टेंबरपासून दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवताना एअर इंडियाने दिलेल्या कारणांत हेही एक होते. गंमत अशी, की पाकिस्तानची बंदी फक्त भारतीय विमानांना आहे. ब्रिटिश कंपनीचे विमान त्याच दिवशी त्याच दोन विमानतळांमध्ये कराचीवरून सरळ जाऊ शकते. म्हणजे लंडन किती लांब आहे, हे आता विमानाच्या शेपटीवर कुठला रंग आहे त्यावर ठरते.

पश्चिमेकडचे टोकही असेच कुरतडलेले आहे. १७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशियन एअरलाइन्सचे विमान क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मेली, तेव्हा दिल्लीहून बर्मिंगहॅमला निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर त्याच परिसरातल्या आकाशात होते. ते आकाश तेव्हा ठरावीक उंचीच्या वर ‘खुले’ होते. २०२२ पासून युक्रेन पूर्ण बंद आहे आणि रशियाने युरोपच्या कंपन्यांना दार लावले आहे. हेलसिंकीहून टोकियो साडेनऊ तासांत गाठणारी फिनएअर आता तेरा तास उडते. जानेवारी २०२० मध्ये तेहरानजवळ युक्रेनचे प्रवासी विमान इराणच्याच क्षेपणास्त्रांनी पाडले, १७६ जण गेले. अशा घटनांमुळे आज विमान कंपन्यांचे मार्ग आखणारे लोक हवामानाच्या नकाशाइतकेच बारकाईने युद्धाच्या बातम्या वाचतात. तेव्हा प्रत्येक वळसा हा अन्याय असतो असे मानण्याचे कारण नाही. ज्या आकाशात क्षेपणास्त्रे फिरत आहेत ते बंदच हवे. २०१४ मध्ये ते पुरते बंद नव्हते ही चूक होती.

धोक्यामुळे बंद केलेले आकाश आणि रुसव्यामुळे बंद केलेले आकाश यांत फरक करायला हवा. शिकागो करार तो करतो. त्याचे नववे कलम म्हणते, की आणीबाणीत किंवा सुरक्षिततेसाठी राष्ट्राला आपले आकाश तात्पुरते बंद करता येईल, मात्र ती बंदी सर्व परदेशी विमानांना सारखीच लागू हवी. राष्ट्रीयत्व पाहून भेद करता येणार नाही. अपवाद युद्धाचा, किंवा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून संघटनेला तसे कळवले असेल तर त्याचा. भारत आणि पाकिस्तान दोघेही या करारात आहेत. एकट्या भारतीय विमानांना बंदी आणि एकट्या पाकिस्तानी विमानांना बंदी, या दोन्ही त्या कलमाच्या अक्षराला धरून नाहीत. पाकिस्तानचे आकाश जर ब्रिटिश आणि आखाती विमानांसाठी सुरक्षित असेल, तर ते एअर इंडियासाठी असुरक्षित कसे, याचे उत्तर इस्लामाबादने द्यायला हवे. आणि आपल्या बाजूचे तसेच उत्तर दिल्लीने.

टपालाने हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी सोडवला होता. १८७४ च्या बर्नच्या करारापासून एका देशाचे टपाल दुसऱ्या देशातून तिसऱ्याकडे जाऊ देणे हे कर्तव्य मानले गेले. भांडणे चालू राहिली, पण पत्रेही चालू राहिली. विमानांसाठी १९४४ मध्ये तसाच संक्रमणाचा करार झाला, जो भारत आणि पाकिस्तान दोघांनीही स्वीकारलेला आहे. तो पाळण्यासाठी मैत्री लागत नाही. उभयपक्षी व्यापार, व्हिसा, क्रिकेट यांचे काय करायचे ते दोन्ही सरकारांनी हवे तसे ठरवावे. तिसऱ्या देशाला जाणारी प्रवासी विमाने त्या यादीतून वेगळी काढणे एवढीच मागणी आहे.

आणि त्यासाठी नवे काही उभारायचे नाही. मुंबई आणि कराचीच्या हवाई नियंत्रण क्षेत्रांची सीमा अरबी समुद्रावर सामाईक आहे. इतर देशांची विमाने ती रोज ओलांडतात, आणि प्रत्येक विमानामागे दोन्हीकडच्या नियंत्रकांना एकमेकांशी संपर्क ठेवावाच लागतो: अमुक क्रमांकाचे विमान, अमुक उंची, अमुक वेळी सीमेवर. ही देवघेव बंदीच्या काळातही चालूच राहिली, कारण ती थांबवणे कुणालाच परवडणारे नाही. बंदी मात्र महिन्याची मुदत देऊन घातली जाते आणि साधारण २४ तारखेच्या आधी दोन्ही राजधान्यांतून एकेक सूचना निघून ती पुढे ढकलली जाते. त्या सूचनेत दोन ओळींची भर घातली, की तिसऱ्या देशाला जाणाऱ्या किंवा तिथून येणाऱ्या प्रवासी विमानांना ठरावीक उंचीवरचा एक मार्ग खुला राहील, तर ती पाळण्याची यंत्रणा दोन्हीकडच्या नियंत्रण कक्षांत आजच बसलेली आहे.